पंधरा लिटरला तीन बाटल्या

कंपनीचं पत्र शुक्रवारी आलं. सोमवारी सकाळी दहा ते एक या वेळात गाडी बारामती एमआयडीसीतल्या गेटवर दाखवावी. कागदपत्रं, टायर, ब्रेक आणि आतून-बाहेरून स्वच्छता तपासली जाईल. एकनंतर आलेल्या गाडीचा विचार पुढच्या तिमाहीत होईल.

संजीवनीनं पत्र तीनदा वाचलं. तिमाही म्हणजे तीन महिने, आणि तीन महिने थांबायला शेळगाव-अंथुर्ण्याच्या चार बायका तयार नव्हत्या. तयार असत्या तरी घरच्यांनी तोवर नोकरीच सोडायला लावली असती. दुधाच्या पदार्थांच्या त्या कंपनीत दुसरी पाळी रात्री अकराला सुटायची. घरी सोडायला येणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर एका हातात मोबाइल धरून चालवायचा. दिवाळीआधी त्यानं गाडी रस्त्याकडेच्या पाण्याच्या चारीत घातली. कुणाला फार लागलं नाही, पण चारही घरांतून दुसऱ्या पाळीला जाणं बंद झालं. संजीवनी स्वतः तीन वर्षं त्याच गाडीतून आली-गेली होती. पॅकिंगमधली नोकरी सोडून तिनं लायसन काढलं, बॅज काढला, जुनी काळी गाडी घेतली आणि या बायकांची ने-आण करायला कंपनीत अर्ज केला. अंथुर्ण्याच्या सुप्रियाच्या सासऱ्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "संजीवनी चालवणार आसंल तर जा. न्हाय तर घरीच ऱ्हा."

म्हणजे सगळं सोमवारवर आलं होतं. आणि काळ्या गाडीवर या भागात काय काय बसतं हे वेगळं सांगायला नको. उसाच्या ट्रॉल्यांमागची धूळ, कारखान्याची काजळी, डाळिंबावर मारलेल्या औषधाचा वाऱ्यानं आलेला फवारा.

शनिवारी ती बारामतीला गेली. भिगवण रस्त्यावर गाड्यांचं सामान विकणारं सिद्धूचं दुकान होतं. सिद्धूनं तिच्या मागं पाहिलं, मग रस्त्यावर पाहिलं.

"दाजी गाडी लावतायत का, ताई?"

"गाडी मीच लावलीय. धुण्याचं सगळं सामान पाहिजे. सोमवारी तपासणी आहे."

"तसं करू, दाजींना फोन लावून द्या, मी त्यांनाच नीट समजावतो. त्यात स्टेपा असतात."

"ते कारखान्यावर पाळीला आहेत. गाडी मी चालवते, मीच धुणार आहे. मला समजावा."

सिद्धू माणूस वाईट नव्हता, फक्त त्याचं तोंड सवयीच्या वाटेनं चालायचं. त्यानं सहा बाटल्या काढल्या, तिनं तीन परत ठेवायला लावल्या. उरल्या त्या अशा: धुण्याचा शाम्पू, पत्र्यावर लावायचं पातळ वॅक्स आणि टायर काळे करायचं पॉलिश. शिवाय मऊ केसाळ हातमोजा आणि दोन मायक्रोफायबरची फडकी. मग त्यानं बिलाच्या पाठीवर लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता बोलत राहिला.

"गाडी सावलीत पाहिजे, पत्रा गार पाहिजे. आधी चाकं, मग टपापासून खाली. बादल्या दोन. एकीत शाम्पू, एकीत नुसतं पाणी. मोजा दर वेळी नुसत्या पाण्यात पिळायचा, मगच शाम्पूत. नाही तर तीच माती परत घासली जाते आणि काळ्या रंगावर ओरखडे उठतात. धुतली की लगेच पुसायची, पाणी वाळू द्यायचं नाही. मग वॅक्स. थोडं घ्यायचं, फडक्यानं लावायचं, दुसऱ्या फडक्यानं काढायचं. काचेला नाही. शेवटी टायरचं, स्पंजावर घेऊन, फक्त टायरच्या रबराला. कळलं?"

"कळलं."

"तरी दाजींना सांगा, काही अडलं तर फोन करा म्हणावं."

रविवारी सकाळी सातला तिनं गोठ्याच्या पत्र्याखाली, सावलीत गाडी घेतली. लिहिलं होतं तसंच एकेक केलं. दोन बादल्या, आधी चाकं, मग टप. सासरे महिपती तात्या बाजेवर बसून बघत होते. डाळिंबाच्या फवारणीत तात्यांचा शब्द आसपासच्या पाच गावांत चालायचा. लोक खिशात रोगट पान घेऊन यायचे. तात्या पान उलटं करून बघायचे आणि औषध सांगायचे. अमुक मारा म्हणाले आणि बाग उठली नाही, असं कुणी सांगत नसे. निदान त्यांच्या तोंडावर तरी.

"पाणी कुठलं घेतलंस?"

"बोअरचं."

"बोअरचा पीएच साडेआठ हाय. त्यात औषध फाटतं."

"तात्या, हे औषध नाही. शाम्पू आहे."

"बाटलीवर मिली लिवलंय का न्हाय? इतक्या लिटरला इतकं मिली?"

"लिहिलंय."

"मग औषधच की."

 उत्तर द्यायला लागलं की तात्यांचं व्याख्यान सुरू व्हायचं आणि पत्र्यावरचं पाणी वाळायचं. ती पुसत गेली. पण फडकी दोनच, आणि गाडी लांबलचक. पुढचं बॉनेट पुसून मागं जाईपर्यंत डिकी वाळलेली. नऊ वाजता गाडी उन्हात काढली आणि तिनं बघितलं. टपापासून दारापर्यंत पांढरे ठिपके. चुन्याचे शिंतोडे उडावेत तसे, शेकड्यानं. बोअरच्या पाण्यातला क्षार जसाच्या तसा काळ्या पत्र्यावर बसला होता. ओल्या फडक्यानं पुसले तर गेल्यासारखे वाटायचे, आणि वाळले की परत उमटायचे.

"म्हनलं हुतं," तात्या बाजेवरून म्हणाले.

सकाळपासून तिला सगळ्यात जास्त राग आला तो याचा, की म्हातारा बरोबर होता.

दुपारी तिनं दुसऱ्यांदा धुतली, तेव्हाही बोअरचंच पाणी. कारण शेततळ्याचं पाणी घ्यायचं तर कॅन भरून चढ चढायला लागायचा, आणि तात्यांचं म्हणणं खरं धरायला लागायचं. ठिपके निम्म्यानं कमी झाले. वॅक्स लावायचं तसंच राहिलं. चार वाजता ती स्कूटीवरून इंदापूरला निघाली. कागदांच्या झेरॉक्स, दोन फोटो आणि मिळाला तर एक मोठा पुसायचा टॉवेल. जाताना तिनं बाटल्या गोठ्यातल्या फळीवर ठेवल्या आणि म्हणाली, "आल्यावर वॅक्स लावते. गाडीला हात लावू नका, तात्या."

"मी कशाला हात लावतोय?" तात्या म्हणाले. आणि शब्दाला जागले. हात लावला नाही.

मोठा टॉवेल इंदापुरात मिळाला नाही. रविवार म्हणून अर्धी दुकानं बंद होती. झेरॉक्सवाल्याकडं रांग होती, फोटोवाल्याचं मशीन अडलं होतं. साडेसहाला ती वस्तीवर परतली तेव्हा गाडी अंगणाच्या मधोमध उभी होती. वरपासून खालपर्यंत ओली, आणि अंगावर दुधाळ साय धरल्यासारखा थर. शेजारी तात्या फवारणीचा एचटीपी पंप धूत होते. फळीवरच्या तिन्ही बाटल्या रिकाम्या होत्या.

"तात्या, हे काय केलं?"

"सोपं केलं. तू सकाळधरनं एकेक काम करत बसलीस. आमी डाळिंबाला काय तीनदा फवारतो व्हय? बुरशीचं, किडीचं आन् पानाला चिकटवनारं स्टिकर, समदं एका पंपात. मानूस वाचतो, टाइम वाचतो."

"तिन्ही बाटल्या एकात ओतल्या?"

"आसंच न्हाय ओतल्या." तात्यांना ते लागलं. "मला काय येडा समजतीस? पाणी तळ्यातलं. पीएच मोजला, सहा. आधी शाम्पू, मग ते मेनाचं, शेवटाला टायरचं. ते बोटाला लावून बघितलं, चिकाट हाय. म्हंजे स्टिकरचं काम करतंय. पंधरा लिटरला बसवलं. आन् उन्हात न्हाय मारलं, ऊन उतरल्यावं मारलं. उन्हात मारलं की करपतं."

"तात्या, ही गाडी आहे! झाड नाही."

"मग झाडापरास सोपं. हालत न्हाय, काटं न्हायत." त्यांनी नोझल झटकलं. "रातभर बसू दे. सकाळी बघ कसं उठतंय."

तिनं बोट लावलं. बोटाला बुळबुळीत चिकटा आला. काचेवरून बोट फिरवलं तर इंद्रधनुष्यी पट्टा उमटला. टायरचं पॉलिश पत्र्यावर, वॅक्स काचेवर, शाम्पू सगळीकडं, आणि सिद्धूचं दुकान उद्या दहाशिवाय उघडणार नाही. ती घरात गेली आणि भांडी इतक्या जोरानं घासायला घेतली की तात्या बाहेरून म्हणाले, "तव्याला भोक पडंल."

सोमवारी पाचला तिनं शेततळ्यावरून पाणी आणायला सुरुवात केली. वीस लिटरचे कॅन, सहा खेपा. शाम्पू उरला नव्हता. रिकाम्या बाटलीत पाणी घालून तिनं ती चार वेळा हलवली, तेवढ्या फेसावर एकदा धुतलं, मग नुसत्या पाण्यानं दोनदा. नुसत्या पाण्याची बादली दर दोन हातांना बदलायची. काचेला घरातला व्हिनेगर पाण्यात घालून, जुन्या वर्तमानपत्राचा बोळा करून. चाकांच्या रिंगा, टायरचं रबर, दारांच्या फटी. पुसायला फडकी पुरेनात म्हणून लग्नात आहेर आलेला, घडीही न मोडलेला मऊ टॉवेल काढला.

आणि साडेआठला गाडी खरंच चमकली. ठिपके नव्हते. बॉनेटमध्ये गोठ्याचा पत्रा, आभाळ आणि तिचा स्वतःचा लाल झालेला चेहरा दिसत होता. रात्रपाळी करून आलेला नवरा, अविराज, गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "नवीच वाटतीय की गं."

"बघितलंस का?" तात्या म्हणाले. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. "बसलं का न्हाय रातभर? मीबी येतो गेटवर."

"तुम्ही कशाला?"

"दोन शब्द बोलाया मानूस आसावा."

वाद घालायला वेळ नव्हता. नऊ वाजून पाच मिनिटांनी गाडी निघाली. वस्तीच्या कच्च्या वाटेवर ब्रेक जरा उशिरा लागल्यासारखा वाटला. चाकं ओली आहेत म्हणून असेल, असं तिनं मनात म्हटलं. डांबरी रस्त्याला लागल्यावर रस्ता मोकळा मिळाला. पन्नासच्या वेगानं लासुर्ण्याच्या अलीकडं आली, तेव्हा पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर होता. ट्रॅक्टरवाल्यानं हात दाखवला आणि वेग कमी केला.

संजीवनीनं ब्रेक दाबला. पायाखाली पेडल घट्ट होतं, पण गाडी पुढं सरकतच राहिली. तिनं दोन्ही पायांचा जोर लावला. चाकांतून कुईऽऽ असा आवाज आला. ट्रॉलीतल्या उसाची टोकं काचेवर मोठी होत आली. तिनं हँडब्रेक ओढला, स्टीअरिंग डावीकडं घातलं, आणि गाडी साइडपट्टीच्या मुरमात फरफटत थांबली. बॉनेट आणि ट्रॉली यांच्यात वीतभर जागा होती.

ट्रॅक्टर निघून गेला. त्याला काही कळलंही नव्हतं.

"काय झालं गं?" तात्यांचे दोन्ही हात डॅशबोर्डवर होते.

"ब्रेक धरत नाही."  मग ती खाली उतरली, चाकाजवळ उकिडवी बसली आणि रिंगेच्या फटीतून आत बघितलं. ब्रेकच्या लोखंडी चकतीवर तेलकट तकाकी होती. 

"तात्या, फवारताना चाकाच्या आतही मारलं?"

"म्हंजे? मारनारच की. गाडीखाली नळी घालून चारी चाकास्नी आतनं मारलं. कीड पानाच्या वरनं बसती का? पानाच्या खालनं मारल्याबिगर फवारणी म्हनत न्हाईत."

"कुठली कीड, तात्या? कुठली कीड होती चाकाच्या आत?" ती रस्त्यावरच ओरडली. दोन मोटारसायकलवाल्यांनी वळून बघितलं. "तीन बाटल्या, दोन दिवस, सहा खेपा पाणी! एकच गोष्ट सांगितली होती, हात लावू नका!"

तात्यांनी डॅशबोर्डवरचे हात काढले. मग हळू म्हणाले, "दाबत दाबत चल की. घासून घासून निघंल ते. आत्ता साडेनऊ झाल्यात. दहाला पोचू. गाडी कशी लखलखतीय, बघ."

तेच तर होतं. गाडी लखलखत होती. गेटवर कदाचित कुणी ब्रेक नीट बघणारही नाही, आणि पोचेपर्यंत थोडा घासून निघेलही. थोडा. तिच्या डोळ्यांसमोर रात्री साडेअकराचा हाच रस्ता आला. मागच्या सीटवर झोपेनं डोकं टेकलेली सुप्रिया, आणि पुढं दिवा नसलेली ट्रॉली.

"नाही," ती म्हणाली. "गॅरेज."

लासुर्ण्यापर्यंत ती पहिल्या गिअरवर, साइडपट्टीनं गेली. नागेशचं गॅरेज बंद होतं. फोन केल्यावर तो म्हणाला, आलोच, आणि दहा वाजून दहा मिनिटांनी आला. चाक काढलं, चकतीवर बोट फिरवून वास घेतला.

"वैनी, ह्याला काय लावलंय?"

"टायरचं पॉलिश, वॅक्स आणि शाम्पू."

"चकतीला?"

"विचारू नकोस. होईल का ते सांग."

"चकत्या साफ करतो. पुढचे ब्रेकचे पॅड गेलेच, तेल प्यायलेत. इंदापूरवरनं मागवायला लागतील." त्यानं फोन लावला. "तासाभरात येतील."

तासाभरात आले नाहीत. पाऊण तास आणखी गेला. तेवढ्या वेळात नागेशनं चारी चकत्या घासून काढल्या, मागचे पॅड काढून घासले. चाक काढायला पत्र्याला टेकला तेव्हा त्याच्या ढोपराचा काळा ठसा दारावर उमटला. बॉनेट उघडताना पाच बोटं, मिटताना पाच. रस्त्यानं ट्रॉल्या जात होत्या आणि ओल्या तेलावर धूळ बसत होती. संजीवनी टॉवेल घेऊन उठली आणि परत बसली. कोरड्या धुळीवर फडकं फिरवलं की ओरखडे उठतात, हे आता तिला माहीत होतं. माहीत असून काही करता येत नव्हतं.

तात्या बाकड्यावर बसून होते. चहा आला तो त्यांनी घेतला नाही.

सव्वाबाराला नागेशनं गाडी रस्त्यावर घेतली आणि तीनदा जोरात थांबवली. तिसऱ्या वेळी टायर जागच्या जागी रुतले. "आता धरतोय," तो म्हणाला. "आता चकतीला काय लावू नका."

बारा वाजून एकोणपन्नास मिनिटांनी ती कंपनीच्या गेटवर पोचली. तपासणीला श्रेया मॅडम होत्या. तिशीतल्या, हातात पॅड, पायात सेफ्टी शूज. सकाळपासूनच्या गाड्यांची रांग संपली होती आणि त्या रजिस्टर मिटायच्या बेतात होत्या. त्यांनी गाडीभोवती फेरी मारली, दारावर बोट टेकवलं, बोटाकडं बघितलं.

"पत्रात लिहिलं होतं. गाडी धुऊन आणायची होती ना?"

दोन दिवसांत गाडी पाच वेळा धुतली होती, सहावी तात्यांची. संजीवनीनं दारावरच्या ढोपराच्या ठशाकडं बघितलं. नेमकं काय सांगायचं? सांगायला लागलं की बहाणा वाटणार.

"धुतली होती. वाटेत ब्रेकचं काम निघालं, त्यात मळली. ब्रेक नीट करूनच आणलीय."

"ब्रेक आजच कसा गेला? गाडीची देखभाल करत नाही का तुम्ही?"

"त्येचं कारन मी हाय."

तात्या गाडीतून उतरून उभे होते. खांदे जरा पुढं आलेले.

"मी हिचा सासरा. ही नीट धूत हुती, कागदावं लिवल्यापरमानं. मी तिन्ही बाटल्या एका पंपात घातल्या आन् चाकाच्या आतनं फवारलं. चूक माझी हाय, तिची न्हाय. तिनं वाटंतच गाडी थांबवली. मी म्हनत हुतो चल, दाबत चल. तिनं ऐकलं न्हाय."

पाच गावांत कुणी ऐकलं नव्हतं ते वाक्य तात्या गेटवर, सुरक्षारक्षकासमोर बोलले होते. 

श्रेया मॅडमनी पेन थांबवलं. "फवारलं म्हणजे? पंपानं?"

"व्हय. एचटीपी पंपानं. त्येचं आसं हाय मॅडम, पंधरा लिटरला बसवायचं म्हनलं की आधी पाण्याचा पीएच..."

"तात्या."

"...सहाच्या आसपास आनायचा. मग ज्ये पातळ हाय त्ये..."

"तात्या, एक वाजायला आठ मिनिटं आहेत. त्यांना गाडी बघू द्या."

मॅडमनी कंपनीच्या ड्रायव्हरला बोलावलं. त्यानं आवारात गाडी पळवली आणि पिवळ्या पट्टीवर थांबवली. दोनदा. दोन्ही वेळा गाडी पट्टीवरच उभी राहिली. मॅडमनी कागद तपासले, टायरच्या खाचा बघितल्या, आत वाकून वास घेतला. मग उभ्या उभ्याच लिहिलं आणि पॅड तिच्यापुढं केलं. कागदपत्रं: ठीक. टायर: ठीक. ब्रेक: ठीक. बाह्य स्वच्छता: दहापैकी दोन.

"हे दोन का दिले, माहितीये?" मॅडम म्हणाल्या. "काचा साफ आहेत म्हणून. गुरुवारी फक्त स्वच्छतेसाठी परत आणा. बाकी पास. रूट तुमच्या नावावर ठेवते."

संजीवनीनं सही केली. बोटांना तेल होतं, त्याचा डाग कागदावर उठला. मॅडमनी तो बघितला आणि पान उलटलं. रजिस्टर मिटलं तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात एकला दोन मिनिटं कमी होती.

बाहेर आल्यावर तिनं सुप्रियाला फोन करून सांगितलं, तुझ्या सासऱ्यांना सांग, कंपनीत गाडी लागली. मग ती गाडीत बसली. तात्या शेजारी बसले आणि पट्टा लावला.

"गुरवारी," ते म्हणाले, "मी फकस्त कॅन भरून देतो."

"भरून नाही. रिकामेच आणून ठेवा, त्यात काय घालायचं ते मी बघते," ती म्हणाली आणि गाडी सुरू केली.